पाहणे आणि मिळविणे

थंडीच्या सुरुवातीस लोणंदजवळच्या वीर धरणाच्या जलाशयावर पट्टकदंब हंस उतरू लागतात. तिबेट-मंगोलियाकडचे हे पाहुणे हिमालय ओलांडून येतात. त्यांची छायाचित्रे टिपण्यास माणसेही येतात. त्यात गैर काहीच नाही. चांगले छायाचित्र अंथरुणास खिळलेल्या वृद्धासही हंसदर्शन घडविते.

परंतु थवा स्वस्थ बसलेला असतो आणि चित्र हवे असते उडत्या पंखांचे. मग कोणी टाळी वाजवितो, कोणी खडा भिरकावतो. थवा उठतो, चित्र मिळते. एकही पीस गळलेले नसते. मग अपराध तो कसला? आम्हांस वाटते, दूरच्या प्रवासाने शिणलेल्या पाखराने चरून, विसावून साठवायची शक्ती आपल्या हौसेपायी खर्ची पडते, हाच तो अपराध. जखम दिसत नाही म्हणून हानी नाही, हा युक्तिवाद शेजाऱ्याच्या बाबतीत आपण मान्य करू काय?

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात पाखरांकडे पाहावयास सांगितले, ते आपल्या चिंताग्रस्त मनासाठी. म्हणून पाखरू केवळ आपल्या धड्यापुरते उरत नाही. प्रत्येक जिवास देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सांगितले. हंस उडेल तो आपल्या वेळेने. तोवर कॅमेरेवाल्याने काठावर बसावे. नाहीच उडाला, तर बसलेल्या हंसाचे चित्र घेऊन परतावे.