चार बोटं वर, एक श्वास थांब

कोरेगाव, जि. सातारा
घटस्थापना

चि. छकुलीस,


परवा फोनवर तू घाईत होतीस. मागे खोलीतल्या मुलींचा गलका, खाली कंपनीची बस उभी. तेवढ्यातही तू आनंदानं सांगितलंस, "मामा, आमच्या स्टेशनवर इलेक्ट्रिक होईस्ट आहे. बटण दाबलं की अख्खा गिअरबॉक्स वर! काही म्हणजे काही ताकद लागत नाही." ऐकून मलाही बरं वाटलं. आपल्या घरची मुलगी आयटीआय करून चाकणच्या कारखान्यात कामाला लागली, याचं तुझ्या आजीला इतकं कौतुक आहे की दळणाला आलेल्या बायकांनाही ती थांबवून सांगते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. 'काही ताकद लागत नाही' हे तुझं वाक्य मनातून जाईना. फोनवर बोललो असतो तर तू "हो मामा, हो मामा" म्हणून ठेवून दिला असतास. कागदाची घडी लॉकरमध्ये राहते, म्हणून लिहायला बसलो.

आधी घरचं सांगतो. घेवडा काढून झाला. शेवटी पाऊस लागला, थोडे दाणे काळे पडले, पण पदरात पडलं ते वाईट नाही. आजीचे गुडघे कुरकुरतात, तरी सकाळी घट बसवायला तीच पुढं होती. तुझ्या आईशी काल बोललो. तू नीट जेवतेस का, एवढंच ती तीनदा विचारत होती. तिला कारखान्यातलं काही कळत नाही, म्हणून तिची काळजी जेवणापाशी थांबते. माझी पुढं जाते, कारण मला कळतं.

मी पोर होतो तेव्हा आपल्या विहिरीवर मोट होती. तुझे आजोबा रोज सकाळी बैल जुंपण्याआधी नाड्यावरून तळवा फिरवायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठं धागा सुटलाय, कुठं दोर चाकावर घासून चपटा झालाय, ते हाताला कळायचं. मोट भरून वर येताना बैलांच्या चालीवरून ते वजन ओळखायचे. मोट कपारीला अडकली की बैल धावेवर थबकायचे आणि आजोबा लगेच त्यांना मागे घ्यायचे. बैलांना वजन कळायचं आणि बैल ते माणसाला सांगायचे.

१९८४ साली मी एस.टी.नं पिंपरीला गेलो आणि भोसरीत एका छोट्या वर्कशॉपला लागलो. चाकण तेव्हा आम्हाला माहीत होतं ते कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी. १९९९ ला बजाजचा कारखाना तिथं आला, २००९ ला फोक्सवॅगनचा, आणि बघता बघता ती सगळी शेतं शेडखाली गेली. आमच्या वर्कशॉपमध्ये वजन उचलायला चेन कुप्पी होती. हातानं साखळी ओढायची. चार हात ओढलं की वजन बोटभर वर यायचं. खांदे भरून यायचे, पण एक गोष्ट होती बघ. वजन कुठं अडकलं की साखळी हाताला जड लागायची आणि कुणीतरी ओरडायचंच, "थांब रे, अडकलंय!" आता बैलांच्या जागी आपले हात होते, आणि वजन हातांना कळत होतं.

मग इलेक्ट्रिक होईस्ट आला. खांद्यांचं दुखणं गेलं आणि त्याबरोबर ते कळणंही गेलं. पन्नास किलो असो की पाचशे, बटण अंगठ्याला सारखंच मऊ लागतं. मोटरला ओढायचं माहीत असतं. काय ओढतेय, ते मोकळं आहे का, कुणाचा हात मध्ये आहे का, हे तिला ठाऊक नसतं. तू म्हणालीस ना, ताकद लागत नाही, ते खरंच आहे. म्हणून तर हातांनी जे ओळखलं असतं, ते आता डोळ्यांनी आणि कानांनी ओळखायचं.

तू तीन-चार वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून माझी बोटं मोजायचीस. डाव्या करंगळीपाशी आलीस की अडायचीस. 'साडे' म्हणजे काय ते तू शाळेत नव्हे, माझ्या हातावर शिकलीस. "मामाची बोटं साडेनऊ!" म्हणून टाळ्या पिटायचीस. अर्धं कुठं गेलं म्हणून विचारलंस की मी म्हणायचो, चिमणीनं नेलं. आज खरं सांगतो.

होईस्ट आल्यावर दोन-तीन महिन्यांतली गोष्ट. प्रेसवरची डाय उतरवायची होती. सगळे बोल्ट काढले असं मी धरून चाललो. मागच्या बाजूचा एक राहिला होता. मी उजव्या हातानं पेंडंटचं बटण दाबलं आणि डाय डोलू नये म्हणून डावा हात तिच्यावर ठेवला. साखळी ताठ झाली, मोटरचा आवाज जड झाला. तो मी ऐकला, छकुले. ऐकूनही बटण सोडलं नाही, कारण बाहेर टेम्पो उभा होता आणि सगळे घाईत होते. बोल्टचे आटे सुटले, डाय उसळून प्रेसच्या खांबावर गेली, आणि माझी करंगळी मध्ये होती. चेन कुप्पी असती तर पहिल्या ओढीलाच हात जड झाला असता आणि मी वाकून मागे बघितलं असतं.

त्यानंतर आमच्या एका जुन्या फिटरनं मला जे शिकवलं, ते मी पुढं तीस वर्षं प्रत्येक नव्या पोराला शिकवलं. आता तुला सांगतो. वजन उचलताना आधी चार बोटं वर घे. मग बटण सोड आणि एक श्वास थांब. तेवढ्या वेळात तीन गोष्टी बघायच्या. वजन सगळ्या बाजूंनी सुटलंय का? सरळ लटकतंय की एका अंगाला कलतंय? आणि बटण सोडल्यावर जागेवर राहतंय की हळूहळू खाली सरकतंय? होईस्टचा ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर धरतो आणि करंट आला की सुटतो. म्हणून वीज गेली तरी वजन लटकलेलं राहतं. पण ब्रेक झिजला की ते सरकायला लागतं, आणि हे चार बोटांवर कळलेलं बरं, डोक्याच्या उंचीवर कळलेलं नको. काही चुकतंय असं वाटलं तर खाली ठेव, पुन्हा बांध. चार बोटांवरून खाली ठेवायला किती वेळ लागतो?

दुसरं, कामाला लागण्याआधी रिकामा हुक एकदा वर आणि एकदा खाली नेऊन बघत जा. आमच्या पिंपरी-भोसरीत सुट्टी गुरुवारची, आणि विजेची दुरुस्तीही त्याच दिवशी निघायची. एका शुक्रवारी सकाळी मी 'वर'चं बटण दाबलं तर हुक खाली यायला लागला. केबल जोडताना दोन फेजांची अदलाबदल झाली होती. तू इलेक्ट्रिशियनचं शिकलीस, तुला पुढचं सांगायला नको. अशा वेळी हुक वर नेणारं बटण 'खाली'चं असतं, आणि हुकाला वर थांबवणारा लिमिट स्विच त्या बटणाला अडवत नाही. हुक थेट होईस्टच्या अंगावर जाऊन आदळतो. तसं कधी दिसलं तर बटणं उलटी समजून काम चालवू नकोस. मेन बंद कर आणि मेंटेनन्सला बोलाव. लिमिट स्विच चुकलेल्या वेळेसाठी ठेवलेला असतो, रोजचं थांबणं त्याच्या भरवशावर करू नये.

साखळीवरून आजोबांसारखी नजर फिरव. तिची कडी कडीवर घासते, म्हणून झीज आतल्या बाजूला होते आणि लांबून साखळी नवीच दिसते. कोरडी पडली की चालताना कट-कट आवाज येतो, तो कानाला ओळखीचा करून घे. पीळ पडलेला नको, तुटलेली साखळी बोल्ट घालून जोडलेली तर मुळीच नको. होईस्टची साखळी वजनाला गुंडाळून तिलाच स्लिंग करणारे महाभाग तुला भेटतील, त्यांचं बघून शिकू नकोस. हुकाच्या तोंडाशी स्प्रिंगची लॅच असते. ती मोडलेली असली की वजन बांधलेला बेल्ट कधी निसटेल ते सांगता येत नाही. आणि होईस्टवर लिहिलेला आकडा, ५०० किलो म्हणजे ५०० किलो. "थोडं जास्त चालतंय" असं कुणी म्हणालं तर त्याला म्हणू दे.

बेल्ट बांधतानाची एक गंमत लक्षात ठेव. आपण दोघं विहिरीवरून कळशी मध्ये धरून आणायचो. जवळ जवळ चाललो की हलकी, तू वाटेच्या कडेला सरकलीस की दोघांचे हात ताणायचे. पाणी तेवढंच असायचं ना? बेल्टचं तसंच आहे. एक टन वजन दोन उभ्या बेल्टांवर असेल तर प्रत्येकावर ५०० किलो. तेच बेल्ट फाकत जाऊन जमिनीच्या रेषेशी ३० अंशांवर आले की प्रत्येकावर पुरे १००० किलो. वजन वाढलेलं नसतं, बेल्ट मात्र तुटतो. आणि होईस्टनं तिरकं ओढायचं नाही. आधी हुक वजनाच्या बरोबर वर आण, मगच उचल.

केस टोपीत, हातात ब्रेसलेट नको, ओढणी लॉकरमध्ये. लटकत्या वजनाखाली कधीच जायचं नाही, वाकून स्क्रू उचलायलासुद्धा नाही.

हे सगळं तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेल, मला माहीत आहे. माझी खरी काळजी वेगळी आहे. महिनाअखेर येते, टार्गेट मागे असतं, सुपरवायझर घड्याळ दाखवतो, आणि नव्या पोरीला वाटतं, आपण थांबलो तर म्हणतील मुलीला जमत नाही. त्या वेळी तुझा अंगठा बटणावरून उचलला जाईल का, याची मला काळजी आहे. माझा उचलला गेला नव्हता. तेव्हा मला डाय कशी उतरवायची ते येत होतं, थांबायला तेवढं येत नव्हतं. तू शांतपणे म्हण, "सर, लॅच मोडलीय, ती बदलल्याशिवाय मी उचलणार नाही." आवाज चढवू नकोस, माघारही घेऊ नकोस. तुझ्या म्हणण्याला आधार आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं २९ वं कलम मी नोकरीभर पाठ म्हणत आलो. उचलण्याचं प्रत्येक यंत्र, साखळी, दोर निदान १२ महिन्यांतून एकदा जाणकारानं कसून तपासायचा, त्याची नोंद ठेवायची, आणि लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त उचलायचं नाही. आता कायद्यांची नावं बदललीत, पण साखळी झिजायची तशीच झिजते. तुमच्या होईस्टवर तपासणीची तारीख लावलेली असेल, ती एकदा वाचून ये आणि मला कळव. मी वाट बघतो.

तुला वाटेल, मामा ताकसुद्धा फुंकून पितो. पितो बाळा. तोंड पोळलंय माझं.

आठ दिवसांत खंडेनवमी. कारखान्यात यंत्रं पुसतील, होईस्टच्या हुकाला झेंडूचा हार घालतील, नारळ फुटेल. तूही हळद-कुंकू लाव. आजोबा त्या दिवशी मोटेच्या चाकाला आणि नाड्याला हात जोडायचे, पण तळवा मात्र वर्षाचे सगळे दिवस फिरवायचे. तू त्यांची नात आहेस.

दिवाळीला चार दिवस सुट्टी काढून ये. ओसरीवर बसू. तू पूर्वीसारखी माझी बोटं मोज, साडेनऊ भरतील. मग मी तुझी मोजीन.

तुझा,
मामा

ता. क. : मामीनं शेंगदाण्याची चटणी आणि घेवडा बांधून ठेवलाय. शेजारचा पोरगा रविवारी भोसरीला येतोय, त्याच्याकडून घे. घेवडा रात्री भिजत घालायला विसरू नकोस.