कडी कोणत्या बाजूला?

आईवडिलांसाठी परसात निराळी खोली बांधावी, हा त्यांचा मान की त्यांची रवानगी? छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातून हिंडताना हा प्रश्न मला वारंवार पडतो. १९७० च्या दशकापासून तेथे जी लहान घरे उठली, ती नवराबायको आणि दोन मुले एवढ्याच संसाराच्या मापाची होती. ज्यांनी ती हौसेने घेतली ते आता आजोबा झाले. घरात सून आली, नातवंडे आली. भिंती मात्र होत्या तेथेच राहिल्या.

मग खोलीचा विचार निघतो आणि पाठोपाठ शेजाऱ्यांची कुजबुज: “म्हातारीला घराबाहेर काढली!” पण स्वयंपाकघराच्या वाटेवर खाट टाकून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत निजणे याला एकत्र राहणे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही.

अजिंठ्याचे बारावे लेणे पाहावे. मधे सामाईक दालन, तीन बाजूंना बारा खोल्या, आणि प्रत्येक खोलीत दगडात कोरलेले दोन ओटे. एकत्र बसण्याची जागा असली तरी मिटून बसण्याचीही जागा लागते, हे त्या विहार कोरणाऱ्यांना ठाऊक होते. भिक्षू तेथे आपखुशीने आले होते, हा भेद मात्र विसरू नये. आमच्या प्रश्नाची मेख तेथेच आहे.

खोली दहा बाय बाराची असली तरी भागते. घराचीच एक भिंत वापरली तर तेवढा खर्च वाचतो. पाणी त्याच टाकीचे घ्यावे. नियमाने सोडावयाची मोकळी जागा सोडावी, महापालिकेची परवानगी काढावी. काटकसर करू नये ती तीन ठिकाणी: न्हाणीघर खोलीला लागून असावे, दाराला उंबरठा नसावा, आणि खिडकी अंगणाकडे उघडावी. पाठच्या भिंतीकडे पाहणारी खिडकी माणसाला लवकर म्हातारे करते.

एक आजी मुलाला म्हणाल्या, “बांध बाबा खोली, पण कडी आतून लाव.” सारे नीतिशास्त्र मला त्या वाक्यात दिसते. दार लावण्याची आणि उघडण्याची सत्ता त्यांच्या हाती असेल, तर ती खोली घराचाच भाग आहे. त्यांना न विचारता बांधलेली खोली, कितीही सुबक असली तरी, अडगळीचीच.

ज्येष्ठांसाठी २००७ साली कायदा झाला. त्यातील निर्वाहात अन्न, वस्त्र, निवास आणि औषधोपचार येतात. निवास कायद्याने मिळेल, पण सकाळी दारावर टकटक करून “आई, चहा झाला, येतेस ना?” असे विचारणे कोणत्या कलमात बसवावे?

या दिवाळीत फराळाचे ताट त्या खोलीत पोचवण्याआधी, ताटावर बसावयास त्यांना हाक मारावी. येणे न येणे त्यांच्या मर्जीवर सोडावे.