अंगणातील गवत आणि अनुबंधाचा विचार

बागेत शोभेचे एखादे अल्पपरिचित गवत लावावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता हौसेचा आणि फार तर खर्चाचा वाटतो. परंतु लावलेले गवत कुंपणाच्या आतच राहील याची हमी कोणालाही देता येत नसल्यामुळे, स्वतःच्या अंगणात केलेल्या कृतीचे फळ दुसऱ्याच्या शेतात उगवले तर त्याचा दोष कोणाकडे जातो, हा धर्मविचारातील जुना प्रश्न त्यात अंतर्भूत आहे. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब येथे तो विचारणे विशेष उचित ठरते, कारण जमिनीच्या पातळीखाली असलेल्या तेथील चिंतामणी मंदिरात पायऱ्या उतरून जाणाऱ्या भाविकाच्या तबकात गवतच असते. कोवळ्या, तीन पात्यांच्या दूर्वांची एकवीसची जुडी गणेशाला अत्यंत प्रिय मानली जाते; आणि तीच वनस्पती कपाशीच्या तासांत हराळी होऊन शिरली की तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालून पसरणारी गाठाळ खोडे, खणून आणि वेचून काढाव्या लागतात, कारण मागे राहिलेले एखादे कांडेही पावसाबरोबर पुन्हा फुटते.

या उदाहरणावरून पहिली गोष्ट अशी निष्पन्न होते की, निव्वळ शोभेसाठी गवत लावणे हा दोष नव्हे. अनलासुराला गिळल्यामुळे गणेशाच्या अंगाचा झालेला दाह दूर्वांनी शमला, अशी कथा पुराणपरंपरेत येते, आणि गीतेत पान, फूल, फळ व पाणी यांच्या अर्पणाला भक्तीमुळेच मोल येते असे प्रतिपादन आहे. ज्या परंपरेने गवताच्या पात्याला मोदकाशेजारी स्थान दिले, ती परंपरा केवळ उपयुक्ततेच्या मापाने वनस्पती मोजत नाही. म्हणून वाऱ्यावर डोलणाऱ्या तुऱ्यांचे सौंदर्य हे लागवडीचे पुरेसे कारण होऊ शकते. प्रश्न सौंदर्याचा नसून अपरिचिताचा आहे, आणि त्याचे उत्तर दूर्वांच्या कथेत नव्हे, तर गौतम ऋषींच्या कथेत सापडते.

कळंबच्या स्थानमाहात्म्याशी गौतमांचा संबंध निकटचा आहे. अहल्येच्या प्रकरणात गौतमांचा शाप भोगणाऱ्या इंद्राने शापमुक्तीसाठी येथे, म्हणजे कदंबपुरी, गणेशाची आराधना केली, अशी या क्षेत्राची श्रद्धा आहे. त्याच गौतमांविषयी शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत असे सांगितले आहे की, पिकात शिरलेल्या एका कृश गायीला हाकलण्यासाठी त्यांनी गवताच्या काड्या उचलल्या, त्या लागताच गाय कोसळून मेली, आणि गोहत्येच्या प्रायश्चित्तासाठी केलेल्या तपातून त्र्यंबकेश्वरी गंगा अवतरली. ती गाय म्हणजे इतर ऋषींच्या आग्रहावरून गणेशानेच घेतलेले रूप होते, हे ध्यानात घेतले असता कथेचा नैतिक आशय अधिक तीव्र होतो: गौतमांचा हेतू हिंसेचा नव्हता, साधन गवताचे होते आणि घटना रचलेली होती; तरीही आपल्या हातून घडलेल्या परिणामाचे उत्तरदायित्व त्यांनी नाकारले नाही.

तथापि प्रायश्चित्त हे घटनेनंतरचे असते, आणि लागवडीचा निर्णय आधी घ्यावयाचा असतो. त्यासाठी गीतेच्या अठराव्या अध्यायातील तामस कर्माचे लक्षण उपयोगी पडते. अनुबंध म्हणजे कृतीमागून येणारी परिणामांची साखळी, क्षय म्हणजे होणारी हानी, हिंसा म्हणजे इतर जीवांना होणारी पीडा, आणि पौरुष म्हणजे कर्त्याचे स्वतःचे सामर्थ्य, या चार गोष्टींचा विचार न करता केवळ मोहाने आरंभलेले कर्म तेथे तामस म्हटले आहे. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे फळाचा विचारच सोडणे नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

ही कसोटी रोपवाटिकांत मिळणाऱ्या फाउंटन ग्रासला लावून पाहता येते. मूळचे उत्तर व पूर्व आफ्रिका आणि पश्चिम आशिया या भागांतील हे गवत लवदार, गुलाबी-जांभळट तुऱ्यांमुळे मोहक दिसते. पण त्याचे बी वाऱ्याबरोबर उडते, हवाई बेटांवर ते बागांबाहेर पसरून वणव्यांना इंधन पुरवू लागले, आणि जळाल्यावर ते स्वतः मात्र बुडख्यातून पुन्हा फुटते. उन्हाळ्यात करपणारी कुरणे आणि सागाची पानगळीची जंगले असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा अनुबंध दुर्लक्षिण्याजोगा नाही. आज विदर्भाच्या जंगलात माजलेली घाणेरीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आली ती बागेची शोभा म्हणूनच. हिंसेचा निकषही येथे गौण नाही: मनुस्मृतीने वनस्पतींना अंतःसंज्ञा, म्हणजे बाहेर व्यक्त न होणारी जाणीव, आहे असे मानले आहे, तर जैन दर्शन त्यांना एकेंद्रिय जीव म्हणते, म्हणून जे पुढे उपटून जाळावे लागण्याचा संभव आहे ते लावणे, ही त्या हिंसेची पूर्वतयारीच ठरते.

परंतु केवळ परकेपणावरून निर्णय करणे हाही अविचारच होय. फाउंटन ग्रासच्या जांभळ्या पानांच्या संकरित प्रकाराला रुजणारे बी क्वचितच धरते, उलट हराळी इथलीच असूनही शेतकऱ्याला जेरीस आणते. उन्हाळ्यात ज्याच्या मुळांच्या ताट्या पाणी शिंपडून दारे-खिडक्यांना लावल्या जातात, तो वाळा बुडख्यातले फुटवे वेगळे करून लावला जातो, त्याची मुळे आडवी न पसरता खोल जातात, आणि लागवडीतील अनेक वाणांना सहसा रुजणारे बी धरत नाही. म्हणून शोभा आणि मर्यादा या दोन्ही दृष्टींनी तो उजवा ठरतो. निर्णायक गोष्ट गवताचे मूळ गाव ही नसून त्याच्या पसरण्याच्या रीतीचे ज्ञान ही आहे.

म्हणून अपरिचित गवत लावू इच्छिणाऱ्याने त्याचे बी रुजते का, ते कशाने पसरते आणि ते पसरल्यास निपटून काढण्याचे सामर्थ्य आपल्याकडे आहे का, हे आधी जाणून घ्यावे. उत्तरे मिळाली तर ते निःशंकपणे लावावे, तुरे पिकण्याआधी कापावे आणि दर पावसाळ्यात कुंपणापलीकडेही पाहावे. ही उत्तरे मिळत नसतील किंवा एवढी निगा होणार नसेल, तर ते न लावणे हा सौंदर्याचा अव्हेर नसून शेजारच्या शिवाराविषयीचे कर्तव्य आहे, आणि गौतमांनी जे उत्तरदायित्व नंतर पत्करले, ते येथे आधीच पत्करले जाते.