नाव नसलेल्यांचे देणे

ज्याची आपली ओळख नाही, ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही आणि आपण काय केले हे ज्याला कधी कळणारही नाही, त्याचे आपण काही देणे लागतो का? घरी बसून याचे उत्तर ‘हो’ असे चटकन देता येते. कारण घरी बसून ते देणे फेडावे लागत नाही. मला हा प्रश्न इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, एका दिवसाच्या चालीत भेटला आणि तेथे तो तितका सोपा वाटला नाही.

माइनहेडपासून पूल बंदरापर्यंत समुद्राला धरून १०१४ किलोमीटरांची पायवाट जाते. चोरट्या मालावर नजर ठेवणाऱ्या तटरक्षकांच्या फेऱ्यांनी ती मळली. त्यांना प्रत्येक घळीत डोकावणे भाग होते; म्हणून ही वाट जवळचा रस्ता म्हणून घेत नाही. तिच्यावरचा हार्टलंड की ते ब्यूड हा सुमारे २५ किलोमीटरांचा टप्पा फार बिकट समजतात. काळे खडक करवतीच्या दात्यांसारखे पाण्यात शिरलेले. ओढा आला की कडा उतरायचा आणि पलीकडे तितकाच चढायचा. पश्चिमेचा वारा सुटला की शिडाच्या जहाजाला येथे आसरा नसे.

याच वाटेवर मॉर्वेनस्टो नावाचे खेडे आहे. रॉबर्ट स्टीफन हॉकर हे तेथे चाळीस वर्षे, १८७५ साली मृत्यू येईपर्यंत, धर्मगुरू होते. वाहून आलेल्या प्रेताला गावच्या दफनभूमीत जागा द्यावी, असा कायदा १८०८ साली झाला होता. त्याआधी असे देह बहुधा किनाऱ्यावरच पुरून टाकीत. पण कायदा फार तर खड्डा खणवील. कडा उतरून देह वर आणायला माणूसच लागतो. हॉकर ते करीत आणि गावकऱ्यांकडून करवून घेत. चाळिसांहून अधिक खलाशांना त्यांनी तेथे माती दिली. १८४२ साली ‘कॅलेडोनिया’ जहाज फुटले, एक सोडून सारे बुडाले. त्या जहाजाच्या नाळेवरची स्त्रीमूर्ती त्या मृतांची खूण म्हणून उभी केली होती. आता मूळ मूर्ती जतनासाठी चर्चच्या आत आहे आणि बाहेर तिची प्रतिकृती.

कोणी म्हणेल, मेलेल्याला काय त्याचे? हे श्रम जिवंत गरिबासाठी का खर्चू नयेत? आक्षेप खोटा नाही. पण जहाज फुटले की किनाऱ्यावर माल येतो आणि माणसेही येतात. आधी कशाकडे धावायचे, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. जो मेलेल्याच्या खिशाकडे आधी पाहतो, तो हळूहळू जिवंताच्याही खिशाकडेच आधी पाहू लागतो. शिवाय जिवंताशी वागताना मनात कोठेतरी मोबदल्याची आशा लपलेली असते. अनोळखी मृताजवळ ती उरत नाही. तेथे आपण जे करतो, ते आपले खरे मोजमाप.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होती. तर्पण करताना आपल्या पितरांना पाणी दिल्यावर, ज्यांना पाणी देणारे कोणीच नाही अशांसाठीही एक ओंजळ सोडतात. रक्ताच्या नात्यातच कर्तव्य संपत असते, तर ही ओंजळ कशाला हवी होती?

प्रश्न जुन्या जहाजांबरोबर बुडालेला नाही. ऑक्टोबर २०१३मध्ये लांपेदुझा बेटाजवळ देशांतर करणाऱ्यांची नाव बुडून साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. सिसिलीतल्या दफनभूमींत कित्येक थडग्यांवर नावाच्या जागी नुसता आकडा आहे. त्या प्रत्येक आकड्यामागे कोठेतरी एक घर अजून वाट पाहत असेल. आकडा कोरणाऱ्याने निदान इतके मानले, की येथे एक माणूस आहे, त्याला कोणी शोधत येईल.

सगळ्यांनाच कडे उतरावे लागत नाहीत. परंतु नाव विचारण्याआधी पाणी द्यावे, मालाआधी माणूस उचलावा, एवढे ज्याच्या त्याच्या दारात जमण्यासारखे आहे. या दिवसांत आपण आकाशदिवा उंच टांगतो. घरातल्या माणसांना त्याच्या उजेडाची गरज नसते. तो दिसतो दुरून जाणाऱ्याला, आणि तो कोण, हे आपण कधीच विचारीत नाही.