आधी ऐकणं, मग गीता



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २८ ते ४७.

अर्जुनाचं तोंड कोरडं पडलंय, अंग थरथरतंय, गांडीव हातातून निसटतंय, डोकं गरगरतंय. शेवटी धनुष्य टाकून तो रथात बसतो. या सगळ्या श्लोकांत भगवंत काय बोलतात? काहीच नाही. अख्ख्या पहिल्या अध्यायात त्यांचं एकच वाक्य आहे, जमलेल्या कौरवांकडे बघ, एवढंच. बाकी अर्जुन बोलतो आणि जगद्गुरू ऐकतात.

पूर्वी हा अध्याय मी भरभर उरकायचो. खरं ज्ञान पुढच्या अध्यायात, असं वाटायचं.

मागच्या वर्षी जूनमध्ये बदलापूरच्या एका जुन्या मित्राचा रात्री फोन आला. नोकरी गेलेली, घराचा हप्ता चालू. मी दोन मिनिटं ऐकलं आणि सुरू झालो : बायोडेटा पाठव, बँकेशी बोल, सकाळी पळायला जा. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांची सवयच ती. तक्रार आली की उपाय द्यायचा, तिकीट बंद. तो "बरं" म्हणाला, फोन ठेवला. मलाही मदत केल्यासारखं वाटलं.

ऑगस्टमध्ये आम्ही बारवी धरणाकडे गेलो. धरण भरलेलं. पाणी ७२.६० मीटरला पोचलं की तिथले दरवाजे आपोआप उघडतात. लांबून ते बघत तो म्हणाला, "त्या रात्री मला जगायचंच नव्हतं रे. तुझ्यानंतर एका हेल्पलाइनला फोन लावला. त्या बाईंनी एकही सल्ला दिला नाही. जीव द्यावासा वाटतोय का, हे मात्र सरळ विचारलं. पाऊण तास ऐकत होत्या. मी रडलो आणि झोपलो."

मला काय बोलावं सुचेना. त्याने आधी फोन मला केला होता.

अशा हेल्पलाइनचं मूळ मी नंतर वाचलं. १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड वारा या धर्मगुरूंनी समॅरिटन्सचं काम सुरू केलं. त्यांना भेटायला आलेल्यांशी स्वयंसेवक चहा देऊन बोलत बसायचे. त्या बोलण्यानेच कितीतरी जणांचं मन हलकं व्हायचं, धर्मगुरूंना भेटायची गरजही उरायची नाही. आपल्याकडे नवी मुंबईत आसरा, पुण्यात कनेक्टिंग याच वाटेवर आहेत. तिथले स्वयंसेवक तुमच्याआमच्यासारखेच, फक्त ऐकायला शिकलेले. उपदेश नाही, दोष देणं नाही.

आता पुन्हा गीतेकडे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंत अर्जुनाला खडसावतात, ऊठ म्हणतात. तो उठतो का? नाही. पुन्हा आपलंच दुःख सांगतो, मी गोंधळलोय, मला शिकव म्हणतो आणि गप्प होतो. त्याने स्वतः विचारल्यावरच खरा उपदेश सुरू होतो. आणि अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर भगवंत काय म्हणतात? नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. निर्णय अर्जुनाचाच ठेवतात. मी मात्र दोन मिनिटांत मित्राचे सगळे निर्णय घेऊन टाकले होते!

धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात, माणसाचे नाही. समोर कुणी शांत बसलेलं असेल तरच ते उघडतात. नुसतं ऐकून सगळं भागतं असंही नाही. मित्राला पुढे डॉक्टरांची मदत घ्यावी लागली. पण तिथपर्यंत तो पोचला, तो त्या पाऊण तासामुळे.

आजचा संकल्प : कुणी मन मोकळं करू लागलं तर लॅपटॉप मिटायचा आणि निदान दहा मिनिटं सल्ला द्यायचा नाही. आणि हे वाचणाऱ्या कुणाचं गांडीव गळून पडलं असेल, तर एकट्याने बसू नका. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही आहे. अर्जुनासारखा वीरही आपलं दुःख बोललाच होता ना?

पांडुरंगा, आम्हाला आधी कान दे, मग वाणी दे.

राम कृष्ण हरी.