नाव पुसण्याची नीती

स्त्रीचे नाव व चेहरा सार्वजनिक होणे म्हणजे तिची मुक्ती, हे आपल्या समीक्षेचे लाडके गृहीतक. खालिदा पोपल यांच्या कृतीने ते पेचात सापडते. अफगाण महिला फुटबॉल संघाच्या या कर्णधाराला 2011 मध्ये देश सोडावा लागला. पुढे डेन्मार्कने आश्रय दिला. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा ज्या खेळाडूंना मैदानात येण्याचे धैर्य त्यांनी दिले होते, त्यांनाच त्यांनी सांगितले : छायाचित्रे पुसा, गणवेश जाळा. ही माघार नव्हे; जीव राहिला तरच नाव राहणार. परंतु 1951 च्या निर्वासितविषयक करारानुसार आश्रयार्थीला छळाची साधार भीती दाखवावी लागते, आणि त्यातील पाच आधारांत ‘स्त्री’ हा शब्दच नाही. म्हणजे जगण्यासाठी पुसलेली ओळख अधिकाऱ्याला पटेल अशा आकृतिबंधात पुन्हा कथन करायची! (आत्मकथनांकडे ‘अस्सलपणा’ मागणारे आपण समीक्षकही त्याच खुर्चीत बसलेले असतो.) इथे साहाय्यकर्ती दुसरीच्या जीवनकथेची संपादक होते. स्वतः निर्वासित असल्याने हा अधिकार तिला आपोआप लाभतो, असे मी मानत नाही. गाळलेले नाव केव्हा परत घ्यायचे, हे ठरविणे त्या खेळाडूंकडेच राहायला हवे. संघातील अनेक जणी ऑस्ट्रेलियात पोहोचल्या. एप्रिल 2022 मध्ये मेलबर्न व्हिक्टरी क्लबच्या आधाराने त्या पुन्हा खेळल्या, तेव्हा मागे राहिलेल्या कुटुंबीयांच्या सुरक्षिततेसाठी जर्सीवर फक्त क्रमांक होते, नावे नव्हती.