आजचं चिंतन : गीता ६.१६ – ताटातला योग

२०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी १७ आहारसूत्रं दिली. अर्धं ताट भाज्या-फळांचं हवं, असं सांगितलं. २०२५ मध्ये पंतप्रधानांनी तेल १० टक्के कमी करायला सांगितलं. मी थेट टोक गाठलं: दिवसभर उपाशी, रात्री पार्सल, मग आरशासमोर स्वतःचाच राग.

सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात, अति खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. ही दुसरी बाजू मी विसरले होते. सरकार माप सांगेल. हात थांबवायचा आपणच. पण शरीराचा द्वेष करून नाही, तेही त्याचंच देणं ना!

आज एवढंच करूया: फोन बाजूला, ताटाला नमस्कार, आणि भूक भागली की ‘पुरे’.

जय श्रीकृष्ण! 🙏